नाशकात बसून युरोपचं मध्ययुग वाचताना

एम.ए. इतिहासात ‘मध्ययुगीन युरोप’ हा पेपर समोर आला की आपल्याकडचा विद्यार्थी दोनपैकी एक करतो. गाईड आणतो, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या सवयीने सनावळ्यांची वही घालतो. दोन्हींनी पास होता येतं. पण दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायची वेळ आली की वहीत सगळं असूनही हातात काहीच नाही, असं होतं. दुसरी गोष्ट आधीच सांगितलेली बरी: यूपीएससीच्या इतिहास वैकल्पिकातला जगाचा इतिहास अठराव्या शतकाच्या आसपास सुरू होतो. म्हणजे या पेपरचा तिथे थेट उपयोग नाही. अभ्यासिकेत शेजारचा पॉलिटी वाचतोय म्हणून आपणही हा विषय त्याच पद्धतीने ‘पॉइंट’ काढत वाचला, तर वेळ फुकट जाईल. हा पेपर दस्तऐवजांवर उभा आहे आणि दस्तऐवज कसा वाचायचा हेच त्यात शिकायचं असतं.

पहिल्या दोन आठवड्यांत

अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घ्या. वरच्या वर्गातून आलेली झेरॉक्स नको. नवीन शैक्षणिक धोरणानंतर पेपरांची नावं, श्रेयांक आणि घटक बदललेत, आणि जुन्या प्रतीवर महिनाभर अभ्यास केल्यावर ते कळतं. प्रत हातात आली की प्रत्येक घटकासमोर शतक लिहा. पाचवं ते पंधरावं म्हणजे हजार वर्षं; त्यातली कुठली तुमच्या वाट्याला आलीत ते एका पानात दिसलं पाहिजे.

मग सोळा सालं पाठ करा, त्याहून जास्त नकोत: ४७६, ८००, ८४३, ९१०, ९६२, १०५४, १०६६, १०७७, १०९५, ११२२, १२०४, १२१५, १२९१, १३४७, १३८१, १४५३. प्रत्येकासमोर घटना एका ओळीत आणि ‘तेव्हाच्या लोकांना काय वाटलं असेल’ हे दुसऱ्या ओळीत. ४७६ मध्ये ओडोएसर या सेनानीने पश्चिमेचा रोमन सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला पदच्युत केलं, पण कॉन्स्टँटिनोपलचा रोमन सम्राट जागेवरच होता आणि ती गादी १४५३ पर्यंत टिकली. ‘४७६ ला रोमन साम्राज्य संपलं’ असं बेधडक लिहिणाऱ्याचे गुण इथेच कापले जातात.

सालांतला एक सापळा आपल्यासाठी खास आहे. आपलं मध्ययुग कुणी १७०७ ला संपवतं, कुणी १७५७ ला, कुणी १८१८ ला. त्यांचं पंधराव्या शतकातच संपतं. शिवाजी महाराजांचा जन्म झाला त्या १६३० मध्ये युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं आणि तिकडचे इतिहासकार त्या काळाला आधुनिक युगाचा आरंभ म्हणतात. ‘मध्ययुगात’ एवढंच लिहून पुढे जाऊ नका, शतक लिहा.

नकाशे चार काढा, हाताने: इ.स. ५००, ८४३, ११०० आणि १४००. युरोपचा कोरा नकाशा स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. आधी ऱ्हाइन, डॅन्यूब, ऱ्होन, पो या नद्या आणि आल्प्स, पिरेनीज हे पर्वत, मग सत्तांच्या सीमा. ‘जर्मनी’, ‘इटली’ हे शब्द नकाशावर लिहायचा मोह टाळा. ८४३ च्या व्हर्डनच्या तहाने शार्लमेनच्या तीन नातवांत झालेली वाटणी एकदा हाताने रंगवली की लोथारच्या वाट्याची ती मधली लांबोडकी पट्टी कायमची लक्षात राहते.

नावांची एक वेगळी यादी ठेवा. शार्लमेन, शार्लमान, चार्ल्स द ग्रेट, कार्ल ही एकाच माणसाची नावं. पोप सातवा ग्रेगरी आणि हिल्डेब्रांड एकच. अव्हेरोस म्हणजे इब्न रुश्द, अव्हिसेना म्हणजे इब्न सीना. उलट चौथा हेन्री दोन आहेत: १०७७ च्या जानेवारीत कनोसाला बर्फात पोपची क्षमा मागायला उभा राहिलेला जर्मन राजा, आणि १३९९ ला इंग्लंडच्या गादीवर आलेला. उत्तरपत्रिकेत या दोघांची सरमिसळ दरवर्षी होते.

मराठी शब्द जपून वापरा

मराठीतून उत्तर लिहिणाऱ्यांची खरी अडचण इंग्रजी ही नसते. आपले शब्द रिकामे नाहीत, ही अडचण असते.

‘फ्यूडॅलिझम’ला आपण सरंजामशाही म्हणतो. पण मराठेशाहीतला सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी तोडून दिलेला महसूल, आणि तो तत्त्वतः काढून घेता येत असे. वतन वेगळं, ते वंशपरंपरेचं, गावाशी आणि कामाशी बांधलेलं. युरोपातल्या फीफमध्ये जमीन किंवा उत्पन्न धन्याकडून मिळे आणि घेणारा त्याच्यापुढे गुडघे टेकून, हात त्याच्या हातात देऊन ‘तुमचा माणूस’ होत असे. बापाच्या मागे मुलाने ते पुढे चालवायचं तर धन्याला रक्कम द्यावी लागे. आपल्या नजराण्याच्या जवळची गोष्ट. फीफमध्ये थोडा सरंजाम आहे, थोडं वतन आहे, आणि जो शपथेचा भाग आहे तो दोन्हींत तसा नाही. म्हणून उत्तरात ‘सरंजामशाही’ खुशाल लिहा, पण पहिल्याच परिच्छेदात कोणत्या अर्थाने लिहिताय ते दोन वाक्यांत सांगा. तपासणाऱ्याला तिथेच कळतं की या मुलाने वाचलंय.

क्रूसेडला धर्मयुद्ध म्हणणं त्याहून घोटाळ्याचं. आपल्या कानाला धर्मयुद्ध म्हणजे नियमाने लढलेलं, न्याय्य युद्ध. १०९५ नंतर पूर्वेकडे निघालेल्या लोकांच्या मनात पापक्षालन होतं, नवस होता, कपड्यावर शिवलेला क्रूस होता. ते आपल्या मोहिमेला बहुतेक वेळा ‘प्रवास’ किंवा ‘यात्रा’ म्हणत. हातात शस्त्र घेऊन केलेली यात्रा, असं समजलं की पुढचं बरंच उलगडतं. शब्द क्रूसेडच ठेवा.

‘सर्फ’ला कूळ म्हणू नका. कूळ म्हटलं की आपल्याला कूळकायदा आठवतो, खंड आठवतो. सर्फला धन्याच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, आठवड्यातले दोन-तीन दिवस धन्याच्या शेतात राबावं लागे, मुलीच्या लग्नासाठीही पैसे भरावे लागत. तरी तो गुलाम नव्हता, त्याच्याकडे स्वतः कसायची जमीन असे. भूदास हा शब्द चालेल. ‘चर्च’ लिहिताना इमारत की संस्था ते स्पष्ट करा. ‘चर्चसंस्था’ हा जोडशब्द थोडा बोजड आहे, पण गोंधळ वाचवतो.

लॅटिन? पदव्युत्तर पातळीवर चाळीस-पन्नास शब्द पुरतात. पण त्यांचे अर्थ शतकागणिक सरकतात हे ध्यानात हवं. ‘सेर्वुस’ आधी गुलाम, पुढे भूदास. ‘मिलेस’ आधी शिपाई, पुढे नाइट. ‘विल्ला’ आधी मळा, पुढे गाव. देशमुख हा हुद्दा होता आणि आता आडनाव आहे, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटू नये. पुढे जायचं असेल तर ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचे मध्ययुगीन लॅटिनचे प्राथमिक धडे ऑनलाइन मोफत आहेत.

एक दस्तऐवज, सहा प्रश्न

एका सत्रात चौदा-पंधरा आठवडे मिळतात. दर दोन आठवड्यांना एक, असे सहा-सात दस्तऐवज नीट वाचले तरी पुष्कळ. अमेरिकेतल्या फोर्डम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मध्ययुगीन साधनांची इंग्रजी भाषांतरं मोफत आहेत. सुरुवात फ्रान्समधल्या क्लूनी मठाच्या ९१० च्या दानपत्राने करा. भाषांतर दोन-तीन पानांचं आहे. कागदावर छापून घ्या, मोबाइलवर नको. डावीकडे रुंद समास सोडा, ओळींना क्रमांक द्या. पहिलं वाचन शब्दकोश न उघडता. दुसऱ्या वाचनात समासात सहा उत्तरं लिहायची: कोण देतो, कोणाला, काय, कशाच्या बदल्यात, हमी कोणाची, आणि मोडलं तर काय. दीड तास लागतो.

उत्तरं साधारण अशी येतात. देणारा अ‍ॅक्विटेनचा ड्यूक विल्यम. घेणारे संत पीटर आणि पॉल. त्यांच्या नावाने तिथे राहणारे भिक्षू आणि मठाधिपती बेर्नो. दिलं ते क्लूनीचं सगळं गाव, शेतं, द्राक्षमळे, गिरण्या, पाणी, आणि जमिनीबरोबर भूदासही. बदल्यात स्वतःच्या, बायकोच्या, आप्तांच्या आत्म्यासाठी प्रार्थना. बेर्नोनंतर मठाधिपती भिक्षूंनीच निवडायचा. राजा, सरदार, बिशप, अगदी पोपनेही मठाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही. दर पाच वर्षांनी रोमला दिवाबत्तीसाठी दहा शिलिंग पाठवायचे. आणि जो हे मोडेल त्याच्या वाट्याला येशूला दगा देणाऱ्या जूडासची गती. आपल्याकडच्या शिलाहार-यादवकाळातल्या गधेगाळी, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेले दगड, ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा शाप अनोळखी वाटणार नाही. भाषा सभ्य आहे एवढंच.

आता पांडवलेण्याला जा. पायऱ्या चढून दहा नंबरच्या लेण्याच्या ओवरीत उभे राहा आणि तेच सहा प्रश्न तिथे विचारा. ब्राह्मी वाचता येत नसेल तर कोरीव लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी मराठीत केलेलं वाचन आणि भाषांतर वाचनालयातून आधी उतरवून न्या. देणारा उषवदात, क्षत्रप नहपानाचा जावई. घेणारा भिक्षुसंघ. दिलं ते लेणं आणि ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायम ठेव, गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवलेली: २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. हिशेब करून पाहा. २००० वर शेकडा एकने वर्षाला २४० होतात, आणि लेखात म्हटलंय की वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर तिथेच राहणाऱ्या, २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२. वीस बारे २४०. दस्तऐवज खरा कारभारी माणसाने लिहिलाय हे असा ताळा जुळला की कळतं. हमीसाठी हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही त्यात आहे. ते गोवर्धन म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या पत्त्यात जे येतं तेच नाव.

कालनिर्णयाची अडचणही दोन्हीकडे सारखी. उषवदाताच्या लेखात ‘वर्ष ४२’ आहे, पण कोणत्या गणनेचं ते लिहिलेलं नाही. शक धरलं तर इ.स. १२०, नहपानाचं राज्यवर्ष धरलं तर साल बदलतं. क्लूनीच्या दानपत्रात राजा चार्ल्सचं अकरावं वर्ष आणि तेरावं इंडिक्शन आहे. इंडिक्शन म्हणजे १५ वर्षांचं चक्र. दोन्ही नीट जुळत नाहीत, म्हणून काही पुस्तकांत ९०९ दिसतं आणि काहींत ९१०. ती छपाईची चूक नव्हे. वर्षारंभही सगळीकडे एक जानेवारीला नव्हता. शार्लमेनचा राज्याभिषेक २५ डिसेंबर ८०० चा, पण फ्रँक दरबारच्या वृत्तांतात नाताळला नवं वर्ष लागत असल्याने तो ८०१ मध्ये पडतो. मोडी कागदांवरचे शुहूर सन ज्यांनी ५९९ की ६०० मिळवायचे म्हणत सोडवलेत, त्यांचा हात इथे लवकर बसतो.

चूक होते ती यापुढच्या पायरीवर. दोन दानं सारखी दिसली की ‘भारतात आणि युरोपात समान व्यवस्था होती’ असं वाक्य लिहून विद्यार्थी मोकळा होतो. दोन्हींत जवळपास आठशे वर्षांचं अंतर आहे. नाशिकच्या लेखात व्याज उघडपणे, अभिमानाने सांगितलंय. युरोपात चर्चसंस्थेने ११३९ च्या आणि ११७९ च्या लॅटरन परिषदांत व्याजखोरांचा निषेध केला, उघड व्याजखोराला ख्रिस्ती दफनही नाकारलं. क्लूनीला जमीन आणि माणसं मिळाली, नाशिकच्या संघाला या लेखात रोकड. तुलनेचा उपयोग प्रश्न सुचण्यापुरता: क्लूनीने पैशाऐवजी जमीन का घेतली? त्या काळी तिथे नाणं किती फिरत होतं? पैसे ठेवायला विणकरांसारखी श्रेणी होती का? असे प्रश्न पडले म्हणजे वाचन झालं.

आणखी दोन दस्तऐवज

पहिल्या क्रूसेडची हाक देणारं फ्रान्समधल्या क्लेरमाँटचं भाषण वृत्तांत शेजारी-शेजारी ठेवून वाचा. पोप दुसरा अर्बन नोव्हेंबर १०९५ मध्ये काय बोलला याचे फुल्चर, रॉबर्ट, बाल्ड्रिक आणि गिबर्ट यांचे वृत्तांत आहेत. चारही जेरुसलेम जिंकल्यानंतरचे, म्हणजे १०९९ नंतर लिहिलेले. एका कागदावर चार रकाने करा आणि जेरुसलेम, पूर्वेकडच्या ख्रिश्चनांना मदत, पापमुक्ती, लूट हे मुद्दे कोणात आहेत त्यावर खुणा करा. फुल्चरच्या भाषणात जेरुसलेमचा रकाना रिकामा राहतो, रॉबर्टच्या भाषणात तो भरून वाहतो. ‘अर्बन म्हणाला’ असं लिहिण्याऐवजी ‘रॉबर्टच्या वृत्तांतानुसार अर्बन म्हणाला’ असं लिहायची सवय एवढ्या एका तक्त्याने लागते.

डूम्सडे बुक, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करून घेतलेली जमिनींची नोंद, १०८६ चं. सातबारा हाताळलेल्या घरातल्या मुलांना ते लगेच आपलंसं वाटतं, आणि तिथेच ती फसतात. नोंदीत जमीन पूर्वी राजा एडवर्डच्या काळात कोणाकडे होती, आता कोणाकडे, नांगर किती, माणसं कोणत्या प्रकारची किती, गिरणी, कुरण, जंगल, आणि तेव्हाची व आताची किंमत असं येतं. चुका ठरलेल्या आहेत. एक, माणसांचा आकडा म्हणजे लोकसंख्या समजणं. तिथे कुटुंबप्रमुख मोजलेत, म्हणून अभ्यासक त्याला साडेचार-पाचने गुणतात आणि गुणक बदलला की इंग्लंडची लोकसंख्या बदलते. दोन, ‘हाइड’चे एकर करणं. हाइड नावापुरता १२० एकरांचा, पण खरं तर ते कर बसवायचं माप. आपल्याकडे १२० बिघ्यांचा एक चावर होतो. हा निव्वळ योगायोग आहे, यावरून सिद्धांत मांडायला जाऊ नका. तीन, पूर्ण इंग्लंड समजणं. लंडन आणि विंचेस्टर त्यात नाहीत, उत्तरेचा बराच भागही नाही.

पुस्तकं कुठे

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात युरोपचं मध्ययुग एखाद्या फळीवर असतं आणि त्यातलं निम्मं जुनं असतं. १८४० पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. संदर्भ विभागात बसून मराठी विश्वकोशातल्या नोंदी आधी वाचल्या की इंग्रजी पुस्तक निम्म्या वेळात उलगडतं. इग्नूच्या एम.ए. इतिहासातला प्राचीन आणि मध्ययुगीन समाजांवरचा पाठ्यक्रम ई-ज्ञानकोशावर मोफत आहे आणि बाजारातल्या कुठल्याही गाईडपेक्षा चांगला आहे. जेस्टोरवर साधं खातं काढलं की दरमहा ठरावीक लेख ऑनलाइन वाचता येतात. पुण्याला जयकर ग्रंथालयासाठी दोन दिवस काढा, पण आधी ऑनलाइन तालिकेतून पुस्तकांचे कॉल नंबर लिहून न्या. मुंबईला जाणं झालं तर सीएसएमटीपासून चालत गाठता येणाऱ्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. तिथे दान्तेच्या महाकाव्याचं एक जुनं हस्तलिखित जपलेलं आहे. ते मागायला नका जाऊ, जुन्या छापील साधनग्रंथांसाठी जा, आणि बाहेरच्यांसाठीचे नियम आधी फोनवर विचारून घ्या.

उत्तर लिहिताना

वादाचा प्रश्न आला की दोन्ही बाजू मांडून ‘अशा प्रकारे दोन्ही मतांत तथ्य आहे’ असा शेवट करू नका. सरंजामशाहीवर किमान हे टप्पे यावेत: मार्क ब्लॉकने १९३९-४० मध्ये तिच्याकडे फक्त कायदेशीर करार म्हणून न पाहता संपूर्ण समाजरचना म्हणून पाहिलं, एलिझाबेथ ब्राऊनने १९७४ मध्ये ही कल्पनाच इतिहासकारांवर जुलूम करतेय म्हटलं, सुझन रेनॉल्ड्सने १९९४ मध्ये फीफ आणि व्हॅसल (फीफ घेऊन धन्याचा ‘माणूस’ होणारा) यांचं रूढ चित्र बरंचसं नंतरच्या वकिलांनी रचलेलं असल्याचं मांडलं. त्याला आपल्याकडचा वाद जोडा. रामशरण शर्मांनी १९६५ मध्ये भूमिदानांवरून भारतीय सरंजामशाहीची मांडणी केली, हरबन्स मुखियांनी तिला हरकत घेतली ती भारतातला शेतकरी आपल्या उत्पादनसाधनांच्या बाबतीत बराच मोकळा होता या मुद्द्यावर. हा जोड बहुतेकांच्या उत्तरात नसतो.

प्लेगचं उत्तरही असंच साचेबंद असतं: १३४७ ला प्लेग आला, मजूर मेले, मजुरी वाढली, भूदासपद्धती संपली. पण इंग्लंडमध्ये १३४९ चा हुकूम आणि १३५१ चा कायदा मजुरी प्लेगपूर्व दरावर बांधायला निघाले होते, १३८१ चा उठाव त्यानंतरचा. आणि एल्बे नदीच्या पूर्वेला पुढच्या शतकांत भूदासपद्धती उलट आवळली गेली. तोच रोग, उलटे निकाल. मग कारण फक्त लोकसंख्या कशी असेल, हा रॉबर्ट ब्रेनरचा १९७६ चा प्रश्न. उत्तराची सुरुवातच इथून करा.

लघुप्रबंधाचा विषय

‘क्रूसेड: एक अभ्यास’ असा विषय मार्गदर्शक मान्य करतीलही, पण तुम्ही त्यात बुडाल. लॅटिन येत नसताना आणि युरोपला न जाता जमेल असा विषय घ्या: भाषांतरित, छापील, मोजता येण्याइतकी साधनं असलेला. क्लेरमाँटचे चार वृत्तांत. क्लूनीचं दानपत्र आणि उषवदाताचे लेख यांतली हमीची भाषा. मराठी शालेय पाठ्यपुस्तकांत ‘सरंजामशाही’ या शब्दाचा वापर. शेवटचा विषय दिसतो साधा, पण जुनी पाठ्यपुस्तकं मिळवणं हेच अर्धं काम. रद्दीवाल्यांकडे आणि शाळांच्या कपाटांत शोध सत्र सुरू व्हायच्या आधीपासून घ्या.

तळटिपांत भाषांतरकाराचं नाव आणि भाषांतराचं वर्ष लिहाच. फोर्डमच्या संग्रहातली बरीच भाषांतरं शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि तोंडी परीक्षेला पहिला प्रश्न तिथेच येतो. दस्तऐवजाचं स्वतः केलेलं मराठी भाषांतर परिशिष्टात जोडा, ओळींच्या क्रमांकांसह. जो शब्द सोडवता आला नाही तो देवनागरीत तसाच ठेवून शेजारी प्रश्नचिन्ह टाका. अंदाजाने ‘वतन’ लिहून मोकळं झालेलं परीक्षकांच्या लगेच लक्षात येतं.